बोली स्वस्त, भाडे भारी : घरबसल्या खरेदीतील पोचवणुकीचा खर्च



बाजार समितीत कांदा नेला की पुकारलेल्या भावावर खूष होऊन आपण लगेच घरी परतत नाही. पट्टी हातात पडेपर्यंत थांबतो. हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडे वजा जाऊन हाती काय उरले, तोच आपला खरा भाव, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण हेच आपण मोबाईलवरून फवारणीचा पंप, मोटारीचा सुटा भाग किंवा ठिबकचे साहित्य मागवतो, तेव्हा मात्र वर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या किमतीवरच भुलतो. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले भाडे पैसे भरताना दिसते, आणि कधी कधी तर पार्सल दारात आल्यावरच कळते.

पूर्वी पोस्टाने व्ही.पी. मागवत असू, तेव्हाही जाहिरातीच्या तळाशी 'टपाल व पॅकिंग खर्च वेगळा' असे लिहिलेले असायचे. गोष्ट तीच आहे, फक्त आता ती मोबाईलच्या पडद्यावर आली आहे. ऐन हंगामात पाचशे-सातशे रुपये उगाच गेले, तर तेवढ्यात एका फवारणीचे औषध आले असते. म्हणून हा खर्च कसा तपासावा, कमी कसा करावा आणि जादा लागलाच तर काय करावे, ते या पत्रकात पाहू या.

भाडे फुगते कसे?

ऑनलाईन विक्री दोन तऱ्हेची असते. एक ठरलेल्या किमतीची आणि दुसरी लिलावाची. लिलावात विक्रेता माल मांडतो, मुदत सांगतो आणि सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला माल मिळतो. ईबे ही अमेरिकन कंपनी १९९५ साली अशाच लिलावातून उभी राहिली. भारतात ती २००४ साली बाझी डॉट कॉम ही कंपनी विकत घेऊन आली. तिचे भारतातले संकेतस्थळ २०१८ साली बंद झाले, तरी परदेशातील ईबेवरून आजही आपल्याकडचे लोक जुने सुटे भाग मागवतात.

या लिलावांत एक युक्ती फार वर्षे चालली. विक्रेत्याला कंपनीकडे दलाली भरावी लागे ती मालाच्या किमतीवर, टपालखर्चावर नाही. मग काही विक्रेते काय करीत? वस्तूची किंमत नाममात्र ठेवीत आणि सगळा नफा टपालखर्चात घालीत. त्यामुळे दलाली वाचे, आणि 'कमी किमतीचा माल आधी दाखवा' म्हटले की त्यांचाच माल यादीत वर येई. शेवटी २०११ साली ईबेने अमेरिकेत टपालखर्चावरही दलाली घ्यायला सुरुवात केली. त्याआधी २००७ पासून गिऱ्हाइकाला विक्रेत्याच्या टपालखर्चाबद्दल वेगळे गुण देण्याची सोय झाली होती. यामुळे युक्तीला आळा बसला, पण ती संपली नाही. ठरलेल्या किमतीच्या दुकानांतही ती नव्या रूपात दिसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्हाला मोटारीचा एक भाग हवा आहे. पहिला विक्रेता म्हणतो, किंमत २०० रुपये आणि भाडे ९०० रुपये. दुसरा म्हणतो, किंमत ८५० रुपये आणि भाडे १५० रुपये. यादीत पहिला वर दिसेल. पण त्याचे एकूण ११०० रुपये होतात आणि दुसऱ्याचे १०००. शिवाय पुढे माल परत करायची वेळ आली आणि विक्रेत्याने 'फक्त मालाची किंमत परत' अशी अट घातलेली असली, तर पहिल्याकडून २०० रुपयेच हाती येतील. दुसऱ्याकडून ८५० येतील. भाडे फुगवण्याचा खरा तोटा असा परतीच्या वेळी कळतो.

खरे भाडे आणि फुगवलेले भाडे कसे ओळखावे?

प्रत्येक जादा भाडे म्हणजे लूट नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. कुरिअरवाले दोन वजने पाहतात. एक काट्यावरचे आणि दुसरे आकारावरून काढलेले. दोहोंपैकी जे जास्त, त्यावर भाडे लावतात. हलका पण मोठा खोका गाडीत जागा अडवतो, म्हणून ही पद्धत आहे. कापूस भरलेली गाडी वजनाआधी जागेने भरते, तसेच हे.

आकाराचे वजन काढण्याची रीत सोपी आहे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला ५००० ने भागा. उत्तर किलोत येते. काही कंपन्या ५००० ऐवजी थोडा वेगळा भाजक धरतात, पण अंदाजाला एवढे पुरे.

समजा, पाठीवरच्या पंपाचा खोका ४२ सें.मी. लांब, २४ सें.मी. रुंद आणि ५६ सें.मी. उंच आहे. गुणाकार आला ५६,४४८. त्याला ५००० ने भागले की साधारण ११.३ किलो. पंप काट्यावर ६ किलो भरला, तरी भाडे ११ किलोच्या वर लागणार. इथे विक्रेत्याला दोष देता येत नाही. ठिबकच्या नळीची गुंडाळी, रिकामी पिंपे, रोपांचे ट्रे यांचेही असेच असते.

आता उलट पाहा. पंपाच्या नोझलचा संच वजनाला १५०-२०० ग्रॅम, आणि मुठीत मावेल एवढ्या पाकिटात बसणारा. संचाची किंमत ९० रुपये आणि भाडे २४० रुपये लावले असेल, तर तिथे थांबावे आणि विचारावे. तेवढ्याच वजनाच्या पाकिटाला पोस्टात काय पडते, ते आपल्या पोस्टमास्तरांना विचारले तर दोन मिनिटांत कळते. पॅकिंगचे थोडे पैसे धरले, तरी मोठी तफावत उरत असेल तर भाडे फुगवलेले आहे असे समजावे.

आणखी एक गोष्ट. भाडे पिनकोडवर ठरते. १९७२ साली सुरू झालेला हा सहा आकडी पिन टाकल्याशिवाय दिसणारे भाडे बहुधा मोठ्या शहराचे असते. आपल्या गावाचा पिन आधी टाका, मगच किमतींची तुलना करा.

एकूण किमतीची मांडणी

खरेदीपूर्वी वहीत पाच ओळी लिहाव्यात : १. मालाची किंमत व कर. २. पोचवणुकीचे भाडे. ३. हाताळणी किंवा पॅकिंग. ४. दारात पैसे देण्याचा आकार. ५. माल बिघडला तर परत पाठवण्याचा खर्च कोणाचा.

समजा, तालुक्याच्या दुकानात पंप २९०० रुपयांना आहे. मोबाईलवर तोच पंप करासह २१५० ला दिसतो. साडेसातशेची बचत वाटते. पण भाडे ४५०, हाताळणी १५० आणि दारात पैसे देण्याचे ६० धरले, की एकूण २८१० रुपये होतात. बचत उरली ९० रुपयांची. आता त्या पंपाचा वॉशर पहिल्याच आठवड्यात गळू लागला, तर तालुक्याचा दुकानदार समोर उभा राहून बदलून देईल. ऑनलाईन घेतलेला पंप खोक्यात भरून परत पाठवावा लागेल, आणि तोवर कपाशीवरची फवारणी थांबेल. नव्वद रुपयांसाठी हे परवडते का, ते ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरवायचे ते ९० रुपये धरून, ७५० धरून नव्हे.

लिलावात बोली लावताना

लिलावात बोली लागली की सौदा पक्का झाला असे धरतात. मग भाड्यावरून घासाघीस करायला जागा राहत नाही. म्हणून विचारायचे ते बोलीच्या आधी. विक्रेत्याला संदेश पाठवून चार प्रश्न विचारावेत : माझ्या पिनला भाडे नक्की किती? पॅकिंगसह वजन व माप किती? दोन वस्तू घेतल्या तर भाडे एकत्र लावाल का? माल सदोष निघाला तर परतीचे भाडे कोण देणार? उत्तर लेखी ठेवावे. उत्तर आले नाही, तर बोली लावू नये.

बोलीची मर्यादा उलट्या गणिताने काढावी. ती वस्तू स्थानिक बाजारात जास्तीत जास्त कितीला परवडते, त्यातून भाडे व इतर खर्च वजा करावा. उरेल ती आपली शेवटची बोली. त्यापुढे एक रुपयाही चढू नये. शेवटच्या पाच मिनिटांत समोरचा चढतो म्हणून आपणही चढतो, आणि मग भाडे विसरतो. बैलबाजारात ईर्षेने घेतलेला बैल घरी आल्यावर महाग वाटतो, तसेच होते.

परदेशातून सुटा भाग मागवताना

जुनी यंत्रे सांभाळणाऱ्यांना याची गरज पडते. उदाहरणार्थ, एचएमटी ट्रॅक्टर हरियाणातील पिंजोरला १९७१ पासून तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील झेटर ट्रॅक्टरच्या धर्तीवर बनू लागले. २०१६ साली तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय झाला. ते ट्रॅक्टर अजून काही शेतांवर चालतात, आणि युरोपातील लिलावांत झेटरचे जुने भाग विकायला येतात.

इथे भाड्याबरोबर सीमाशुल्कही येते. हे शुल्क नुसत्या मालाच्या किमतीवर नाही, तर वाहतूक खर्च मिळवून काढलेल्या किमतीवर बसते. म्हणजे भाडे फुगले की शुल्कही फुगते. शिवाय बँकेचा चलन-बदलाचा आकार असतो.

समजा, गावच्या वर्कशॉपमध्ये तो भाग घडवून घ्यायला ६००० रुपये लागतात. परदेशातून भाडे २८००, शुल्क व सोडवणुकीचा खर्च चौकशीअंती १५००, आणि बँकेचा आकार २०० रुपये. हे झाले ४५००. म्हणजे बोली १५०० च्या वर नेणे तोट्याचे. आणि आपल्या यंत्राचा भाग क्रमांक तंतोतंत जुळतो का, हे आधी मेकॅनिककडून पाहून घ्यावे. लोखंडाचा भाग परत पाठवण्याचे भाडे कित्येकदा भागापेक्षा जास्त होते.

बियाणे, कलमे, कंद मात्र परदेशातून अशा रीतीने मागवूच नयेत. वनस्पती संगरोध आदेश, २००३ प्रमाणे त्याला परवाना व तपासणी लागते. स्वस्त पाकिटाबरोबर नवा रोग शिवारात आला, तर त्याची किंमत सगळ्या गावाला मोजावी लागेल.

भाडे कमी कसे पडेल?

१. एकत्र मागवा. बचत गट, शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनीमार्फत पाचजणांची मागणी एकदम नोंदवा. समजा, एकेका पार्सलला ३२० रुपये पडतात. पाचही एकत्र ट्रान्सपोर्टने ७०० रुपयांत आली, तर वाट्याला १४० रुपये येतील.

२. घरपोचाचा आग्रह सोडा. जड माल ट्रान्सपोर्टच्या तालुक्याच्या गोडाऊनवर उतरवून घेतला तर स्वस्त पडतो. बिल्टीवर 'पेड' आहे की 'टू पे', हे आधी विचारा. 'टू पे' असेल तर भाडे आपल्याला द्यायचे असते. विक्रेत्याने आपल्याकडून भाडे आधीच घेतले असेल आणि बिल्टी 'टू पे' निघाली, तर तेच भाडे दोनदा गेले म्हणून समजा.

३. छोट्या वस्तूंसाठी पोस्टाने पाठवता का, असे विचारा. ज्या गावी कुरिअर जात नाही, तिथेही पोस्टमन जातो. नोंदणी टपाल २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये मिळवले आहे, म्हणून आता चौकशी स्पीड पोस्टच्या दराची करावी.

४. ठराविक रकमेच्या वर भाडे माफ असेल, तर त्यासाठी नको ती वस्तू घेऊ नका. ८० रुपयांचे भाडे वाचवायला ३०० रुपयांची खुरपी घेणे हा काही हिशेब नव्हे.

कायदा काय म्हणतो?

भाडे किती असावे याची कमाल मर्यादा कायद्याने ठरवून दिलेली नाही. पण ते लपवता येत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात सांगितली पाहिजे. त्याची फोडही दिली पाहिजे, आणि त्यात पोचवणूक, टपाल, हाताळणी, वाहतूक व कर वेगवेगळे दिसले पाहिजेत. सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.

आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीपर्यंत थेंब थेंब आकार वाढवत नेण्याला इंग्रजीत 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात. आपल्या ठिबकचेच नाव. फरक एवढाच की आपल्या ठिबकने पाणी वाचते, आणि या ठिबकने खिसा गळतो. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत अशा तेरा फसव्या प्रकारांना मनाई केली आहे. त्यात हा प्रकार आहे, आणि न विचारता टोपलीत जादा वस्तू टाकण्याचाही आहे.

'शेतीसाठी घेतले म्हणजे धंद्यासाठी घेतले, तुम्ही ग्राहक नाही' असे कोणी सांगितले तर ऐकून घेऊ नका. स्वतःच्या श्रमावर पोट भरण्यासाठी घेतलेला माल कायद्याने ग्राहकाचाच धरला जातो. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असाच निर्णय दिला.

जादा भाडे लागलेच तर

पहिली पायरी पैसे भरण्याआधीची. किंमत व भाडे दाखवणाऱ्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पार्सलवरची चिठ्ठी फाडून टाकू नका. तिच्यावर वजन, आणि कधी कधी मापही छापलेले असते. खोका फोडताना मुलाला व्हिडिओ घ्यायला सांगा.

दुसरी पायरी विक्रेत्याला व कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिण्याची. या अधिकाऱ्याचे नाव व पत्ता देणे कंपनीवर बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत तक्रार पोचल्याचे कळवायचे असते आणि एक महिन्यात निवारण करायचे असते. तक्रार छोटी व नेमकी असावी. नमुना असा :

'मी दि. … रोजी ऑर्डर क्र. … ने … हा माल मागवला. तेव्हा पोचवणुकीचे भाडे … रुपये दाखवले होते. प्रत्यक्षात … रुपये घेतले. पार्सलवरील वजन … आहे. पडद्याचा फोटो, बिल व चिठ्ठीचा फोटो सोबत जोडला आहे. जादा घेतलेले … रुपये परत करावेत.'

तिसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. क्रमांक १९१५, आणि मराठीतही बोलता येते. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात.

चौथी पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील असलाच पाहिजे असेही नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. ती ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरूनही दाखल करता येते.

विक्रेता परदेशी असेल तर आपल्या आयोगाचा आदेश त्याच्याकडून पाळून घेणे अवघड जाते. तिथे लिलाव कंपनीच्या हमीवरच भिस्त ठेवावी. ईबेच्या हमीत माल वर्णनाप्रमाणे नसेल तर मूळ भाड्यासह पैसे परत मिळतात, पण मुदतीत कळवावे लागते. व्यवहार कंपनीच्या बाहेर, खासगी खात्यावर पैसे पाठवून केला तर ही हमी उरत नाही.

एक धोक्याची सूचना

'तुमचे पार्सल अडकले आहे, पाच रुपये भाडे भरा' असा संदेश आणि सोबत दुवा आला, तर त्याला हात लावू नका. पाच रुपयांच्या निमित्ताने खाते रिकामे करण्याचा तो डाव असतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण. आपण मागवलेच नाही असे पार्सल पैसे देऊन सोडवून घेऊ नका. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे सांगून ठेवा, कारण दुपारी पार्सलवाला येतो तेव्हा बहुधा तेच घरी असतात.

थोडक्यात लक्षात ठेवा

• किंमत पाहू नका, एकूण रक्कम पाहा.
• आधी आपला पिन, मग तुलना.
• लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. भाडे खरे की फुगवलेले ते कळते.
• बोलीच्या आधी विचारा, उत्तर लेखी ठेवा.
• शेवटची बोली म्हणजे परवडणारी किंमत वजा सर्व खर्च.
• एकत्र मागवा, भाडे वाटून घ्या.
• फोटो, बिल व चिठ्ठी जपा. तक्रारीला १९१५.

हे पत्रक वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या, आणि गटाच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. पट्टीवरची एकही वजावट आपण न विचारता सोडत नाही. मोबाईलवरच्या बिलालाही तीच शिस्त लावू या.

राम राम.